उणे ३४ ग्रॅम: एका वजनकाट्याचं परीक्षण

मी शिवणकाम करते. एकोणीस वर्षं झाली. समोरच्याच्या कमरेला टेप लावल्याशिवाय कापडाला कात्री लावल्याचं मला आठवत नाही. तरीही गेल्या वर्षी माझ्याच काळ्या पँटच्या शिवणीतली माया संपली, तेव्हा मी दचकले. आधी एकदा अर्धा इंच सोडली होती, मग आणखी अर्धा. तिसऱ्यांदा उसवायला घेतली तर सोडायला कापडच उरलं नव्हतं.

तोवर मला व्हीगन होऊन तीन वर्षं झाली होती. दूध, दही, लोणी, चीज, अंडी, मध, सगळं बंद. प्राण्यांसाठी बंद केलं, वजनाचा त्यात काही संबंध नव्हता, हे आधीच सांगते. पण 'नुसता पाला खातेय, वजन कशाला वाढेल' असं मनात कुठेतरी धरून चालले होते. वाढलं. सहा किलो. १९४४ साली इंग्लंडमध्ये व्हीगन सोसायटी निघाली तेव्हा हा शब्द घडवला गेला. त्याच्या अर्थात प्राणी आहेत, कमरेचा घेर नाही. साखर व्हीगन असते, बटाट्याचे वेफर्स व्हीगन असतात, आणि तळणीच्या तेलाइतकं व्हीगन तर दुसरं काही नसेल. हे मला माहीत नव्हतं असं नाही. लोकांना कळतं पण वळत नाही म्हणतात. मला कळत होतं, पण दिसत नव्हतं. ते दाखवलं एका काट्यानं, म्हणून हे परीक्षण काट्याचं.

स्वयंपाकघरात ठेवायचा साधा डिजिटल वजनकाटा आहे. पाच किलोपर्यंत वजन घेतो, एकेक ग्रॅमनं मोजतो. वर स्टीलची सपाट पाटी, पुढे दोन बटणं, खाली दोन बारीक पेन्सिल सेल. कंपनीचं नाव सांगत नाही, कारण असे काटे बाजारात डझनानं आहेत आणि झाकून ठेवले तर मलाही माझा ओळखता येणार नाही. पाच महिने रोज वापरलाय, एवढंच माझं प्रमाणपत्र.

आत काय आहे ते मी मुलीकडून समजून घेतलं, आणि कापडाशी नातं असल्यामुळे मला ते फार आवडलं. पाटीखाली धातूची एक पट्टी असते. वर वजन पडलं की ती डोळ्यांना कळणारही नाही इतकी वाकते. तिच्यावर चिकटवलेली बारीक धातूची नक्षी ताणली जाते, ताणली की वीज जायला जास्त अडथळा होतो, आणि त्या अडथळ्याचे पुढे ग्रॅम होतात. म्हणजे सगळा खेळ ताणाचा. म्हणून रात्रभर त्याच्यावर पिठाचा डबा ठेवून देऊ नये. सतत ताणलेलं इलास्टिक जसं बिघडतं, तसाच काटाही बिघडतो.

सगळ्यात कामाची गोष्ट मात्र माहितीपत्रकात नव्हती. पहिल्या दिवशी मी पीनट बटर वाटीत काढून तोलत होते. निम्मं वाटीलाच चिकटलं. मुलगी बघत होती, म्हणाली, "आई, वाटी कशाला खराब करतेस? बरणीच ठेव ना त्याच्यावर." बरणी पाटीवर ठेवायची, टेअरचं बटण दाबून आकडा शून्यावर आणायचा, मग चमच्यानं काढायचं. काटा उणे दाखवतो. जेवढं उणे, तेवढं तुमच्या पोटात चाललंय. मी माझा नेहमीचा 'एक चमचा' काढला.

उणे ३४.

पीनट बटरचा एक सपाट टेबलस्पून साधारण १६ ग्रॅम भरतो. म्हणजे माझ्या एका चमच्यात दोन चमचे आणि वर थोडं. शंभर ग्रॅमला ५९० च्या आसपास कॅलरी, म्हणजे हा चमचा दोनशेचा. असे दिवसातून दोन. दुसरा नेहमी उभ्याउभ्या, शिलाई मशीन आणि फ्रीजच्या मधल्या वाटेवर, आणि वाटेवर खाल्लेलं मी कधी खाण्यात धरलंच नव्हतं.

मग तेलाची बाटली ठेवली. मी तेल मोजत नाही, 'घालते'. कढईत एक फेरा. उणे २६. भाजी तळाला लागायला लागली म्हणून आणखी एक बारीक धार. उणे ३७. तेल म्हणजे निव्वळ चरबी, ग्रॅमला नऊ कॅलरी. तीनशेच्या वर कॅलरी एका कोबीच्या भाजीत, आणि खाणारी आम्ही तीन माणसं असलो तरी कढई पुसून खाणारी मी एकटी. तेलही गेलं तूपही गेलं अशी म्हण आहे. माझं तूप गेलं, आणि तेल दुप्पट होऊन परत आलं.

असं का झालं, ते काट्यापुढे बसल्यावरच लक्षात आलं. लोणी आणि चीज सोडलं की जेवणातला स्निग्धपणा जातो. ती जागा मी नकळत भरत गेले होते. तेलानं, काजूनं, नारळाच्या दुधानं. माझा एक काजूचा पांढरा सॉस आहे, घरी सगळ्यांना आवडतो. त्यात मी काजू 'ओतायचे'. तोलले तर १२० ग्रॅम, म्हणजे साडेसहाशेच्या वर कॅलरी, आणि हा सॉस पास्त्याच्या वरचा, पास्ता वेगळाच. तोवर तो माझ्या मते आमच्या घरातला सगळ्यात सात्त्विक पदार्थ होता.

'मूठभर सुकामेवा खा' हे वाक्य तर आता मला ऐकवत नाही. कुणाची मूठ? त्या संध्याकाळी आम्ही तिघांनी बदाम तोलून बघितले. मुलीची मूठ २४ ग्रॅम, माझी ३८, नवऱ्याची ५२. त्याची एकट्याची मूठ तीनशे कॅलरींची. तो हसला, मूठ तोंडात टाकली आणि टीव्ही बघायला गेला. त्याचं वजन वाढत नाही. असो.

१९९२ साली 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'मध्ये एक अभ्यास आला होता. 'आम्ही कमी खातो, तरी वजन हलत नाही' असं सांगणारी माणसं त्यात घेतली होती. त्यांनी सांगितलेलं खाणं आणि प्रत्यक्षातलं खाणं ताडून बघितलं, तेव्हा ती सरासरी ४७ टक्के कमी सांगत होती आणि शारीरिक हालचाल ५१ टक्के जास्त. ती माणसं लबाड असतील असं मला वाटत नाही. मी तरी लबाड नव्हते. मी फक्त अंदाजानं बेतत होते, आणि अंदाजानं बेतलेला कपडा नेहमी स्वतःच्याच बाजूनं सैल होतो.

काट्यानं नुसतं काढून घेतलं असंही नाही. बटाटा परत दिला. वर्षभर मी बटाट्याला घाबरून होते. उकडलेला बटाटा शंभर ग्रॅमला ८७ कॅलरी. पाव किलो बटाटे उकडून खाल्ले, पोट टम्म, आणि तरी ते त्या पहिल्या तेलाच्या फेऱ्यापेक्षा कमीच. शिजलेली मसूर शंभर ग्रॅमला ११६ कॅलरी, नऊ ग्रॅम प्रथिनं आणि जवळजवळ आठ ग्रॅम तंतू. चारशे ग्रॅम शिजलेली मसूर वाटीत काढून बघा, संपवताना घाम फुटेल. काजूच्या त्या सॉसपेक्षा दोनशे कॅलरींनी कमी.

अमेरिकेच्या नॅशनल इन्स्टिट्यूट्स ऑफ हेल्थमधल्या केव्हिन हॉल यांच्या गटानं २०२१ साली असाच एक प्रयोग छापला. वीस माणसं तिथेच राहायला ठेवली. दोन आठवडे कमी चरबीचं वनस्पतींचं जेवण, दोन आठवडे प्राणिज पदार्थांचं, भरपूर चरबीचं कीटो जेवण, आणि दोन्ही वेळा हवं तेवढं खायची मुभा. वनस्पतींच्या जेवणावर लोकांनी रोज सुमारे ६९० कॅलरी कमी खाल्ल्या, आणि भुकेची तक्रार वाढली नाही. व्हीगन मंडळी हा आकडा फार आनंदानं सांगतात. मीही सांगायचे. पण त्या जेवणात चरबीतून आलेल्या कॅलरी जेमतेम दहा टक्के होत्या, हे वाक्य वाचताना मी घाईत असायचे. याच गटाचा २०१९ चा प्रयोग कारखान्यात बनलेल्या अतिप्रक्रिया केलेल्या खाण्याबद्दल होता. त्यावर माणसं रोज ५०० च्या आसपास कॅलरी जास्त खात होती. व्हीगन बिस्किटाच्या पुड्यावर हिरवं पान छापलेलं असलं तरी आत बिस्किटंच असतात.

आता माझी फजिती. काट्याचा यात काही दोष नाही.

कच्च्या तांदळाचं वजन वेगळं आणि शिजलेल्या भाताचं वेगळं. कच्चे तांदूळ शंभर ग्रॅमला ३६० कॅलरी, शिजलेला भात १३०, कारण मधे पाणी शिरलेलं असतं. मी भात तोलायचे आणि मोबाइलवरच्या हिशेबात तांदूळ लिहायचे. दोनशे ग्रॅम भात म्हणजे २६०, मी मांडायचे ७२०. डाळींचंही तेच. असे अकरा दिवस. एवढं खाऊनही भूक कशी लागते म्हणून स्वतःवर चिडायचे, घरातल्यांवर चिडायचे, रात्री झोप नाही. बाराव्या दिवशी एका गिऱ्हाइकाच्या कोटाची डावी बाही उजवीकडे लावली. एकोणीस वर्षांत पहिल्यांदा. बाही उसवत बसले असताना नवरा म्हणाला, "अगं, तू जेवतेस तरी का नीट?" मग हिशेब उघडून बघितला. तेव्हापासून धान्य आणि डाळी मी कच्च्याच तोलते, शिजवायच्या आधी, आणि मग पूर्ण भांड्याचे वाटे करते.

प्रथिनांचं गणित हीसुद्धा काट्याचीच देणगी. वजन उतरताना स्नायूही उतरतात, म्हणून आहारतज्ज्ञ बाईंनी मला दिवसाला ८० ग्रॅम प्रथिनं सांगितली होती. मी मान डोलावून आले होते. मोजल्यावर कळलं की जेमतेम ४५ होतायत. गुन्हेगार दोन. एक बदामाचं दूध. नावात दूध आहे म्हणून मी ते दुधाच्या जागी धरलं होतं, पण ते बहुतांशी पाणी असतं, शंभर मिलीत प्रथिनं एक ग्रॅमसुद्धा नसतात. सोया दुधात तीनच्या आसपास असतात. दुसरं व्हीगन चीज. माझ्या पाकिटावर पहिले दोन घटक खोबरेल तेल आणि स्टार्च, प्रथिनांपुढे शून्य. टोफूचं मात्र नीट बघावं लागतं. घट्ट टोफूत शंभर ग्रॅमला पंधराच्या आसपास प्रथिनं मिळतात, मऊ रेशमी टोफूत त्याच्या निम्मीसुद्धा नाहीत. आणि टोफू दाबून पाणी काढायच्या आधी तोलायचा. माझी ३०० ग्रॅमची वडी दाबल्यावर २४८ भरते. प्रथिनं तेवढीच राहतात, गेलेलं असतं ते पाणी, पण आकडा नंतरचा लिहिला तर हिशेब चुकतो.

बी-१२ काट्यावर दिसत नाही. मोठ्या माणसाला दिवसाला २.४ मायक्रोग्रॅम लागतं आणि वनस्पतींतून ते भरवशानं मिळत नाही, त्यामुळे गोळी किंवा बी-१२ घातलेले पदार्थ याला पर्याय नाही. खाणं कमी केलं की लोह, कॅल्शियमही कमी होतं. रक्त तपासून घ्या, इतकंच.

काट्याच्या तक्रारी सांगते, कारण घ्यायचा असेल तर याच कामाच्या आहेत.

याच्या आधी मी काचेच्या पाटीचा एक काटा घेतला होता, दिसायला फार देखणा. एका मिनिटात आपोआप बंद व्हायचा. भांडं ठेवून शून्य करावं, कांदा चिरायला वळावं, परत यावं तर अंधार. पुन्हा चालू केला की मघाचं सगळं विसरलेला, भांडं, त्यातली डाळ, सगळं एकदम शून्य. दुकानदारानं परत घेतला नाही, 'खराब कुठे आहे' म्हणाला. त्याचंही बरोबरच, खराब नव्हताच. आताचा तीन मिनिटं थांबतो. मला पाच हवी होती.

सावकाश घातलेलं याला कळत नाही. जवस किंवा तीळ चिमटीनं भुरभुरवले तर आकडा हलतच नाही, कारण इतका बारीक फरक तो स्वतःचीच थरथर समजून परत शून्यावर येतो. भांडं उचलून पुन्हा ठेवलं की खरं सांगतो. पाच ग्रॅमच्या आत माझा त्याच्यावर विश्वास नाही, मीठ-मसाला चमच्यानंच. मिलीचं बटण आहे, ते विसरून जा. ते सगळ्याला पाणी समजतं. शंभर मिली तेल साधारण ९२ ग्रॅम भरतं, त्यामुळे तेलासाठी तो आकडा चुकतोच. ओल्या बोटानं बटण लागत नाही, आणि लागतं तेव्हा दोनदा लागतं. गरम भांडं थेट ठेवायचं नाही, मी खाली लाकडी पाट देते आणि मग शून्य करते. अचूकपणा तपासायला मापानं अर्धा लिटर पाणी ओतून बघते. पाच महिन्यांत तीन ग्रॅमच्या वर चुकला नाही.

मोठी तक्रार मात्र काट्याची नाही, काट्यानं मला लावलेल्या सवयीची आहे. तिसऱ्या महिन्यात मी काकडी तोलायला लागले. नवऱ्यानं विचारलं, "अगं, काकडीत काय असतं?" मी म्हटलं, "शंभर ग्रॅमला पंधरा." तो माझ्याकडे बघत राहिला. मला तेव्हाही काही वाटलं नाही. वाटलं ते पुढच्या आठवड्यात. सकाळी स्वयंपाकघरात गेले तर मुलगी शाळेच्या कपड्यांत काट्यापुढे उभी होती आणि तिचं सफरचंद तोलत होती. पंधरा वर्षांची आहे. मी काही बोलले नाही, तीही काही बोलली नाही. तिनं सफरचंद उचललं आणि बॅगेत टाकलं.

त्या दिवसापासून काटा ओट्यावर नसतो. वरच्या फळीवर, मिक्सरच्या मागे. मी पाचच गोष्टी तोलते, तेल, सुकामेवा, पीनट बटर, नारळाचं दूध आणि कच्चं धान्य-डाळ, आणि तेही ती घरात नसताना. बाहेर जेवायला गेलं की काहीच नाही. वजन उतरायचा वेग थोडा कमी झाला, चालेल. ज्यांच्या घरात कुणाला पूर्वी खाण्याचा आजार होऊन गेलाय, त्यांनी हे यंत्र आणूच नये असं माझं मत आहे. ही तारांकनातली कपात नाही, वेगळीच गोष्ट आहे.

पाच महिन्यांत ५.४ किलो उतरलं. त्यातलं सव्वा किलो पहिल्याच आठवड्यातलं, म्हणजे बरचसं पाणी, त्यामुळे ते मी मोजत नाही. चौथ्या महिन्यात एक ग्रॅमही हललं नाही. कंबर अडीच इंच कमी झाली आणि माझा भरवसा टेपवर जास्त आहे. काळी पँट दोन्ही बाजूंनी परत दाबून घेतली. जादा कापड कापलं नाही.

पाचपैकी चार तारे. एक कापला तो आकडा कुठे लावलाय त्यासाठी. डिस्प्ले पाटीच्या इतका जवळ आहे की मोठं ताट ठेवलं की झाकला जातो, आणि मग मान वाकडी करून खालून डोकवावं लागतं. मी मधे एक वाटी उपडी ठेवते, शून्य करते आणि तिच्यावर ताट ठेवते. चालतं, पण डुगडुगतं. आकडा बाहेर ओढता येणारे काटे मिळतात असं मला नंतर कळलं. तुम्ही घ्यायला जाल तेव्हा घरातलं रोजचं मोठं ताट पिशवीत घेऊन जा आणि दुकानातच ठेवून बघा. दुकानदार विचित्र नजरेनं बघेल, बघू दे.